'माझ्या हातून'चे इंग्रजी

मगरीबची नमाज झाली की आमच्या ताथवड्याच्या घरातली बैठकीची खोली शिकवणीची होते. सोफा भिंतीला सरकतो, सतरंजी पडते आणि इमारतीतली, मागच्या गल्लीतली नऊ-दहा मुले-मुली वह्या घेऊन येतात. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एकाची निवृत्ती झाली, दुसरीची दोन वर्षे बाकी आहेत. फी आम्ही घेत नाही, पण गृहपाठ केला नाही तर चहाबरोबरचे बिस्कीट मिळत नाही, एवढा एक नियम आहे.

ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधीचे शेतांचे गाव आम्ही पाहिलेले आहे. आता इथे इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजे आहेत, महामार्गाच्या कडेने उंच इमारती आहेत. सकाळी एका दिशेने हिंजवडीच्या गाड्या जातात, दुसऱ्या दिशेने चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या बसेस. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे वडील लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडून आलेले. घरात दखनी, शाळेत मराठी, मकतबमध्ये अरबी आणि नोकरीसाठी इंग्रजी. एका लहानशा डोक्यात चार भाषा नांदतात, आणि त्या आपापसांत भांडतातही.

त्या गुरुवारी फळ्यावर 'ॲक्टिव्ह-पॅसिव्ह' होते. 'करीम ब्रोक द ग्लास' हे एक वाक्य आणि खाली 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय करीम'. कर्म पुढे आणा, 'टू बी'चे योग्य रूप लावा, क्रियापदाचे तिसरे रूप घ्या, कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवा. दहावीच्या मुली हा नियम पाढ्यासारखा म्हणत होत्या. एवढ्यात आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला. पहिली पाळी करून थेट आला होता, खांद्यावर डब्याची पिशवी तशीच. त्याने सलाम केला, फळा वाचला आणि म्हणाला, "मामी, हेच वाक्य मी कंपनीत लिहून दिलंय."

मुले गेल्यावर सगळे कळले. भाचा चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या नावावर काम करतो. डिप्लोमा झालेला आहे, कायम होण्याची आशा आहे. चार दिवसांपूर्वी तो मालाने भरलेली ट्रॉली ओढत होता. जमिनीतल्या खाचेत चाक अडकले, ट्रॉली कलली आणि तिचा कोपरा मशीनच्या फिक्स्चरवरच्या सेन्सरवर आदळला. भाग नीट बसला की नाही हे हा सेन्सर मशीनला सांगतो. तो तुटला आणि लाइन पाऊण तास थांबली. दुसऱ्या दिवशी त्याला इंग्रजीत कारणे दाखवा नोटीस मिळाली, उत्तराला 24 तास. त्याने कॅन्टीनच्या टेबलावरच उत्तर लिहून दिले. दोनच ओळी होत्या. 'द सेन्सर वॉज ब्रोकन बाय मी. आय ॲम सॉरी.'

"असं का लिहिलंस?" आम्ही विचारले.

"'आय ब्रोक' लिहिलं तर उद्धट वाटेल, असं वाटलं. हे जरा साहेबी वाटलं."

आता दुसरे पत्र आले होते. त्यात 'ॲज ॲडमिटेड बाय यू' अशी सुरुवात होती, म्हणजे तुम्हीच कबूल केल्याप्रमाणे. पुढे कंपनीच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान केल्याचा आरोप होता आणि चौकशीची तारीख होती. भाच्याने पत्र घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाला, "मामू, मैं नै तोड्या. मेरे हात से टुट्या."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. दोघांची मिळून पन्नासेक वर्षे शिकवण्यात गेली, पण 'मेरे हात से टुट्या' याचे इंग्रजी कुणाला शिकवल्याचे आम्हाला आठवत नव्हते.

आपल्या भाषेत या गोष्टीच्या तीन पायऱ्या आहेत. सेन्सर तुटला. माझ्या हातून सेन्सर तुटला. मी सेन्सर तोडला. पहिल्यात कुणीच नाही. तिसऱ्यात मी आहे आणि माझा इरादाही आहे. मधली पायरी मोठी प्रामाणिक आहे. तिच्यात मी आहे, पण इरादा नाही. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत आणि घरातल्या लहान मुलालाही त्यांचा उपयोग बरोबर कळतो. कप फुटल्यावर कोणते मूल "मी कप फोडला" म्हणते? ते "कप फुटला" असेच म्हणणार. आणि आई विचारणार, "फुटला, की फोडलास?" त्या एका प्रश्नात सगळे व्याकरण आले.

इंग्रजीत 'ब्रेक' हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. 'द कप ब्रोक' म्हणजे कप फुटला. 'आय ब्रोक द कप' म्हणजे मी कप फोडला, किंवा माझ्या हातून फुटला. संदर्भाने जे समजायचे ते समजा. पण 'वॉज ब्रोकन' म्हटले की तोडणारा कुणीतरी आहे हे आलेच. त्याला 'बाय मी' जोडले की आपणच स्वतःकडे बोट दाखवतो. शिवाय इंग्रजीत वाक्याच्या शेवटच्या शब्दावर भार पडतो. 'द सेन्सर वॉज ब्रोकन बाय मी' हे वाक्य इंग्रज कानाला 'सेन्सर कुणी तोडला म्हणता? मी तोडला' असे ऐकू येते. भाच्याने नम्र म्हणून निवडलेले वाक्य हे त्या भाषेतले सगळ्यात ठणठणीत कबुलीचे वाक्य निघाले.

ही चूक एकट्या भाच्याची नाही. फळ्यावर असला नियम लिहिणाऱ्या आमचीही ती आहे. 'बाय म्हणजे ने, च्याकडून, च्या हातून' असे आम्ही वर्षानुवर्षे एका दमात सांगत आलो.

गोंधळाचे मूळ थोडे खोल आहे. मराठीत 'प्रयोग' शिकवतात तो आणि इंग्रजीतला 'व्हॉइस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले, 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले, आणि तेव्हापासून कर्तरी, कर्मणी, भावे हे तिन्ही प्रयोग प्रत्येक मराठी शाळेत घोकले जातात. क्रियापद कोणाच्या मागे चालते, हा मराठीचा प्रश्न आहे. 'मुलगी पुस्तक वाचते' यात क्रियापद मुलीच्या मागे जाते, म्हणून कर्तरी. 'मुलीने आंबा खाल्ला' यात ते आंब्याच्या मागे जाते. चिंच असती तर 'खाल्ली' झाले असते. म्हणून कर्मणी. 'आईने मुलीला बोलावले' यात ते कुणाच्याच मागे जात नाही, म्हणून भावे.

इंग्रजीचा प्रश्न वेगळा आहे. वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसले आहे, करणारा की ज्याच्यावर क्रिया झाली तो? त्यामुळे 'मुलीने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी असला तरी इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह आहे, 'द गर्ल एट द मँगो'. आमची मुले 'ने' पाहतात, 'ने म्हणजे बाय' आठवतात, आणि वहीत 'द मँगो एट बाय द गर्ल' उमटते. म्हणजे आंब्याने मुलीच्या शेजारी बसून काहीतरी खाल्ले!

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी मराठी रचना निराळी आहे. 'पत्र मुलीकडून लिहिले गेले', 'चोर पकडला गेला'. तिला व्याकरणाच्या पुस्तकांत 'नवीन कर्मणी' म्हणतात. मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकावरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे नाव पाठ असते. हे वळण इंग्रजीच्या सहवासात वाढले. बोलताना कोणतीही आई "भात माझ्याकडून शिजवला गेला" असे म्हणणार नाही. 'च्याने' वापरून होणारे शक्य कर्मणी मात्र घराघरात आहे: "आजीच्याने आता जिना चढवत नाही." यात आजीचा इरादा आहे, ताकद नाही. म्हणजे 'हातून'मध्ये इरादा वजा, तर 'च्याने'मध्ये ताकदीचा हिशेब. इंग्रजीचे 'बाय' या दोन्ही ठिकाणी अपुरे पडते.

आपल्या घरांत आणखी एक गंमत आहे. पुस्तकी उर्दूत 'मैं ने रोटी खाई' म्हणतात, तिथेही मराठीसारखे क्रियापद रोटीच्या मागे जाते. पण दखनीत आपण 'ने'ला फारसे विचारत नाही. 'मैं रोटी खाया' म्हणून मोकळे होतो. लखनौकडचे पाहुणे यावर हसतात. हसू द्या. इंग्रजी 'आय एट' शिकताना दखनी बोलणाऱ्या मुलाला हीच सवय कामाला येते, कारण कर्ता पुढे आणि क्रियापद त्याच्या मागे हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. आम्ही आता 'ने'मध्ये अडकलेल्या मुलाला सांगतो, "घरात जसं बोलतोस तसं आधी बोल, मग इंग्रजी कर." सातवीतला एक पोरगा यामुळे एका आठवड्यात सुधारला.

ताथवड्यात राहायचे म्हणजे नोकरीच्या अर्जांचा पूर सोसायचा. कॉलेजची मुले अर्ज तपासून घ्यायला येतात. त्यांच्या कागदांवरून सांगतो, पॅसिव्ह नको तिथे येतो आणि हवा तिथे नेमका गळतो. 'आय सिलेक्टेड इन द कॅम्पस इंटरव्ह्यू' असे एकाने लिहिले होते. म्हणजे त्यानेच कुणाची तरी निवड केली. हवे होते 'आय वॉज सिलेक्टेड'. 'आय बॉर्न इन लातूर' हेही नेहमीचे. जन्म आपण घेत नाही, आई देते. म्हणून इंग्रजीत 'वॉज बॉर्न'. 'माय सॅलरी हॅज नॉट क्रेडिटेड' यात पगाराने स्वतः काहीतरी जमा करायचे राहिले असा अर्थ होतो. 'हॅज नॉट बीन क्रेडिटेड' हवे. उलट, 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हे तर कंपनीच्या सूचनाफलकावरही आम्ही पाहिले आहे. मराठीत 'अपघात झाला' आणि 'झाला म्हणजे वॉज', म्हणून हा घोळ. 'हॅपन', 'अकर', 'डाय', 'अराइव्ह' या क्रियापदांना कर्मच नसते, आणि कर्म नाही तर पुढच्या खुर्चीवर बसवणार कोणाला? त्यांचा पॅसिव्ह होत नाही. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड', एवढेच पुरे.

मकतबला जाणाऱ्या मुलांना हा विषय इंग्रजीच्या तासाआधीच भेटलेला असतो, हे आमच्या उशिरा लक्षात आले. सर्फ शिकवताना मौलाना 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले आणि 'कुतिबा' म्हणजे लिहिले गेले, हे पहिल्याच महिन्यात सांगतात. पहिले मारूफ, दुसरे मजहूल. अक्षरे तीच, फक्त हरकती बदलल्या. मजहूल म्हणजे अज्ञात. कर्ता पडद्याआड गेला. त्याच्या जागी बसणाऱ्या कर्माला 'नाइब फाइल' म्हणतात, म्हणजे कर्त्याचा नायब, मामलेदाराच्या जागी काम पाहणाऱ्या नायब तहसीलदारासारखा. आमच्या शिकवणीतल्या एका हाफिज मुलाला 'ऑब्जेक्ट बिकम्स सब्जेक्ट' काही केल्या कळेना. 'नाइब फाइल' म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला.

अरबी आणि इंग्रजीत एक फरक आहे. इंग्रजीत कर्त्याला 'बाय' लावून मागच्या दाराने आत घेता येते. अभिजात अरबीत मजहूल क्रियापद वापरले की कर्त्याचे नाव सहसा घेतच नाहीत. पण नाव न घेण्याची कारणे अनेक असतात, आणि ती पाहण्यासारखी आहेत. रोजे फर्ज झाल्याची जी आयत आहे (2:183), तिच्यात 'कुतिबा' हेच मजहूल क्रियापद आहे. फर्ज कोणी केले हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून नाव घ्यायची गरज नाही. सूरह अल्-जिन्नमध्ये (72:10) जिन्नांचे बोलणे येते, तिथे वाईटाचा उल्लेख मजहूल क्रियापदाने आहे आणि भल्याचा उल्लेख रबचे नाव घेऊन, मारूफने. मुफस्सिरांनी याला अदब म्हटले आहे. सूरह अल्-फातिहातही कृपेचे क्रियापद थेट अल्लाहला उद्देशून आहे आणि कोपाच्या ठिकाणी कर्त्याचा उल्लेख न करणारे रूप आहे. आपण रोज प्रत्येक रकअतीत हा फरक उच्चारतो.

हदीसच्या अभ्यासकांनी तर मजहूलला शास्त्राचे हत्यार बनवले. इमाम बुखारी (रह.) आपल्या संग्रहात काही रिवायती पूर्ण सनद न देता नुसत्या नोंदवतात. त्यात जिथे 'अमुक यांनी म्हटले' असे ठाम, मारूफ क्रियापद आहे तिथे खात्री मोठी. जिथे 'असे सांगितले जाते' असे मजहूल आहे तिथे वाचणाऱ्याने जपून पाऊल टाकावे, असे मुहद्दिसांनी समजावून दिले. दुसऱ्या प्रकाराला 'सीगा-ए-तमरीज' म्हणतात. 'मरज' म्हणजे आजार, त्याच मुळापासून आलेला शब्द. थोडक्यात आजारी वाक्य. कमजोर रिवायत ठाम क्रियापदाने सांगू नये आणि सहीह रिवायत आजारी क्रियापदाने सांगू नये, हा भेद लेखक पाळत नाहीत अशी तक्रार इमाम नववी (रह.) यांनी तेराव्या शतकातच केली होती. आपल्या मोबाइलवर रोज येणारे 'असे म्हटले जाते की' पाहिले असते तर त्यांनी काय म्हटले असते कोण जाणे!

कर्ता लपवण्याची कला सरकारांनाही चांगली येते. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' कोण कळवतो, कोण बंद ठेवतो? कुणीच नाही, पाणी मात्र जाते. 'करण्यात येते', 'घेण्यात यावी', 'मागविण्यात येत आहे' या इंग्रजी अमदानीतून आलेल्या कार्यालयीन मराठीने आपली इतकी सवय करून टाकली आहे की लग्नपत्रिकेतसुद्धा 'निकाह आयोजित करण्यात आला आहे' असे छापतात. अरे, तुम्हीच आयोजित केला ना? 1987 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला विकलेल्या शस्त्रांच्या प्रकरणावर संसदेसमोर सांगितले की गंभीर चुका केल्या गेल्या. कोणी केल्या, ते वाक्यात नव्हते. तिकडच्या पत्रकारांनी त्या वाक्याची बरीच थट्टा केली. बिहारमधील मोतीहारीत जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 मध्ये एका निबंधात लेखकांना सल्ला दिला होता की ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नका. हे सुभाषितासारखे सगळीकडे सांगितले जाते. पण भाषाशास्त्रज्ञांनी त्याच निबंधातले पॅसिव्ह मोजले, तर ते भरपूर निघाले.

आम्हाला हा सल्ला अर्धाच पटतो. 'माय मोबाइल वॉज स्टोलन' हे पोलीस ठाण्यात लिहायचे अगदी योग्य वाक्य आहे. चोर माहीत नाही, उगाच कुणाचे नाव कशाला? विज्ञानाच्या वहीत 'द सोल्यूशन वॉज हीटेड' लिहितात, कारण ते कोणी तापवले याला महत्त्व नाही. कारखान्यात 'ग्लोव्ह्ज मस्ट बी वॉर्न' हे सगळ्यांना सारखेच लागू. आणि एखाद्याची चूक चारचौघांत सांगताना नाव न घेणे हा तर आपल्या घराघरातला शिष्टाचार आहे. "मिठात जरा हात सैल पडलाय" असे सासूबाई म्हणतात तेव्हा त्या पॅसिव्ह शिकलेल्या नसतात. दुसऱ्याचे नाव झाकायला मजहूल वापरणे एक, आणि आपले स्वतःचे झाकायला वापरणे दुसरे. त्या शुक्रवारी भाच्याचे दुसरे पत्र लिहायला बसलो तेव्हा हा फरक आमच्याच अंगावर आला.

आधी नियम पाहिले. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालच्या नमुना आदेशांत गैरवर्तनाची यादी होती. मालकाच्या मालमत्तेचे नुकसान त्या यादीत होते, पण त्याच्याआधी एक शब्द होता, 'विलफुल', म्हणजे जाणूनबुजून केलेले. भाच्याच्या बाबतीत सगळी लढाई त्या एका शब्दाची होती. याच कायद्याने असेही म्हटले होते की स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, दोन्हीत लावावेत. म्हणजे कामगाराला समजले पाहिजे, हे कायद्यालाही मान्य होते. आम्ही भाच्याला आधी मराठीतच सगळे लिहायला लावले. त्याने दीड पान लिहिले, आणि ते दोन ओळींच्या इंग्रजीपेक्षा किती तरी स्पष्ट होते.

मग इंग्रजी. आमच्यापैकी एकाने, आता इतक्या वर्षांनी खरे सांगायला हरकत नाही, पहिले वाक्य असे सुचवले: 'द सेन्सर गॉट डॅमेज्ड.' सेन्सरचे नुकसान झाले. कोणी केले, कसे झाले, काही नाही. वाक्य शुद्ध होते आणि सोयीचेही होते.

भाचा म्हणाला, "मामू, ट्रॉली तर मीच ओढत होतो."

"पण तू मुद्दाम नाही ना आदळलीस?"

"नाही. पण ओढत मीच होतो. कॅमेऱ्यात दिसतंय. आणि दिसत नसतं तरी..."

त्याची मामी म्हणाली, "मग तेच लिही. जे केलंस ते 'आय'ने लिही. जे झालं ते झालं असं लिही. जे दुसऱ्याने केलं आणि कोणी ते माहीत नाही, तिथे पॅसिव्ह."

त्या एका वाक्यावर आम्ही पत्र रचले. 'आय वॉज पुलिंग अ लोडेड ट्रॉली', हे ॲक्टिव्ह, स्वतःचे नाव घेऊन. 'इट्स व्हील कॉट इन अ गॅप इन द फ्लोअर अँड द ट्रॉली टिल्टेड', इथे कर्ता चाक आणि ट्रॉली, कारण खरोखरच तसे झाले. 'द सेन्सर ब्रोक व्हेन द ट्रॉली हिट इट', यात 'वॉज' नाही, 'बाय मी' नाही, तरी लपवाछपवीही नाही. 'आय डिड नॉट डू धिस इंटेन्शनली', इरादा स्पष्ट. शेवटी, 'द गॅप हॅड बीन रिपोर्टेड इन द शिफ्ट रजिस्टर ऑन ट्यूसडे'. ती खाच रजिस्टरमध्ये नोंदवली गेली होती. नोंद भाच्याने केली नव्हती, आधीच्या पाळीतल्या कुणीतरी केली होती आणि त्याचे नाव उघड करून त्याला अडचणीत आणायचे नव्हते. इथे मजहूल अगदी चपखल बसला. पहिल्या उत्तरातल्या 'बाय मी'चा खुलासाही एका वाक्यात केला: मला मराठीत जे म्हणायचे होते त्याचे माझे भाषांतर चुकले. मराठी मूळ पत्र सोबत जोडले आणि पोच घेतली.

रात्री एकदा त्याची आई, म्हणजे आमची आपा, फोनवर म्हणाली, "एवढं सगळं कशाला लिहायचं? माफी मागून मोकळं व्हायचं." तिचेही चुकत नव्हते. ठेक्यावरच्या पोराला किती बोलता येते हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या नवऱ्याने 22 वर्षे ठेकेदारीत काढली.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. खाच पाहिली गेली, रजिस्टर मागवले गेले. ही दोन्ही वाक्ये मजहूलमध्ये आहेत, कारण कोणी पाहिली आणि कोणी मागवले हे भाच्याला आजही माहीत नाही. 'विलफुल' हा शब्द गेला. हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि पुढच्या महिन्यात ती खाच सिमेंटने भरलेली दिसली. कायम करण्याच्या यादीत भाच्याचे नाव त्या वर्षी आले नाही. ताकिदीमुळे की नुसतेच, हे कोणत्याच पत्रात लिहिलेले नव्हते. पुढच्या वर्षी, अलहम्दुलिल्लाह, आले.

ताकिदीचे पत्र भाच्याने आम्हाला आणून दाखवले. पहिलीच ओळ होती, 'यू आर हियरबाय वॉर्न्ड'. खालची सही कोणाची ते आम्हाला काही लागले नाही.

फळ्यावर आता आम्ही 'करीम ब्रोक द ग्लास' लिहीत नाही. पाण्याचा ग्लास टेबलाच्या काठावर ठेवतो आणि विचारतो, समजा हा पडला, तर काय काय म्हणता येईल? मुले आधी दखनीत सांगतात, मग मराठीत, अरबीवाला हाफिज मुलगा अरबीत, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजीत. मागच्या आठवड्यात सांगता सांगता ग्लास खरोखरच पडला. सतरंजी भिजली. चौथीतली सगळ्यात धाकटी मुलगी लगेच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आय डिड इट."